गंबोत चालणारा टायर

आर्लिस हॉगेनने टायरच्या दुकानाचं दार असं काही ढकललं की ते भिंतीवर आपटून परत आलं आणि तिच्याच खांद्याला लागलं. तिने दाराला एक शिवी हासडली. आत खुर्ची टाकून फुकटची कॉफी पीत बसलेल्या म्हाताऱ्या हिल्मरने पाय आखडून घेतले. काउंटरमागे दुकानाचा मालक वेंडेल बाउअर नव्या टायरवरचं लेबल सोलत होता. त्याने वर पाहिलं आणि त्याचा हात तसाच राहिला.

राहणारच. वर्षभर बाईने या दुकानाची पायरी चढली नव्हती. चाक पंक्चर झालं तर पिकअपच्या मागच्या हौद्यात टाकून थेट माइल्स सिटीला न्यायची, अर्धा दिवस मोडायची, पण वेंडेलच्या दारात थांबायची नाही. पोस्टात दोघं समोरासमोर आले तर ती त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघायची. कारण अख्ख्या हॅल्वर गावाला माहीत होतं. मागच्या मार्चमध्ये तिचा नवरा आयनार घरातच गेला, दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही, आणि त्या दिवशी चिखलात अडकलेले टायर वेंडेलच्या दुकानातले होते. डांबरी रस्त्याचे, गुळगुळीत, सेलमध्ये घेतलेले. पसंत आयनारनेच केले होते, हे खरं. पण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. वेंडेलशी येतं.

आज ती आली होती ती नाइलाजाने. घरापुढच्या रस्त्यावरच्या लाल खडीने पुढच्या टायरची बाजू चिरली होती, जास्तीचं चाक आधीच चढवलेलं होतं, आणि तशा अवस्थेत माइल्स सिटी गाठण्याइतकी ती वेडी नव्हती.

"चार टायर," ती म्हणाली. कसा आहेस नाही, हवा कशी आहे नाही. "पाऊण टनी पिकअपला. दहा थरांचे, ऑल-टेरेन. आणि या खेपेला गंबोत चालणारे दे. मागच्यासारखे नकोत."

गंबो म्हणजे आमच्या पूर्व मोंटानातली माती. कोरडी असली की सिमेंट झक मारतं. ओली झाली की चाकाला चिकटते, चिकटलेल्या मातीला आणखी माती चिकटते, मडगार्डात गच्च भरते, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. पायी चालायला जावं तर दहा पावलांत माणूस वीतभर उंच होतो आणि अकराव्या पावलाला बूट मागे ठेवून पुढे जातो. गंबोत चालणारा टायर दे असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. आर्लिस म्हणाली, आणि 'मागच्यासारखे' हा शब्द तिने असा उच्चारला की हिल्मरने कॉफीच्या कपात तोंड खुपसलं.

"आर्लिस, बस तरी," वेंडेल म्हणाला. "कॉफी घेतेस?"

"कॉफी घरी मिळते मला. टायर मिळत नाहीत."

ही बाई मुळात अशी नव्हती असं कुणी म्हणेल तर ते खोटं. ती अशीच होती. सहा बहिणींतली पाचवी. बापाला मुलगे हवे होते, झाल्या मुली, तेव्हा त्याने सहाही जणींना धान्याच्या ट्रकवर बसवलं. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून आर्लिस पाठीमागे उशी लावून ट्रक चालवते आहे. आयनारशी लग्न केलं, का, तर ती ओरडली की तो उलट ओरडत नसे. उलट न बोलणारा माणूस ऐकतोच असं नाही, हे तिला लग्नानंतर कळलं, तोवर उशीर झाला होता. मग गुरं, लोरेन हा एकच मुलगा, आणि वरून वीसेक वर्षं शाळेची बस. आज हॅल्वरमधले जे जे लोक चाळिशीच्या आसपास आहेत त्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी आरशातून बघून दरडावलेलं आहे. एकदा सरकारी माणसाने रस्ता सपाट करताना सगळी खडी कडेच्या खड्ड्यात ढकलली, तर बाईने भरलेली बस त्याच्या यंत्रासमोर आडवी लावली आणि खाली उतरून त्याला खडी पुन्हा वर ओढायला लावली. पोरं खिडक्यांतून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या घरी दालचिनीचे रोल पोचले. तिची ही रीत होती. ज्याला झापलं त्याला रोल. वेंडेलला वर्षभरात ना शिवी मिळाली होती ना रोल, आणि तो मनातून पार खचला होता. दोघं एका वर्गात होते.

तर वेंडेल काउंटरमागून बाहेर आला आणि भिंतीवर टांगलेल्या टायरांपैकी एकावर त्याने हात ठेवला.

"हा बघ. चांगला आहे. दहा थर आहेत. आवाज अजिबात करत नाही."

आर्लिसने टायरकडे पाहिलं. सरळ सरळ चरे. मध्ये ना खाचा, ना ठोकळे. डांबरी टायर.

"आवाज करत नाही?" ती म्हणाली. "अरे, वीस वर्षं माझ्या डोक्यामागे चाळीस पोरं बोंबलत होती. टायरच्या आवाजाने मला फीट येणार आहे का?"

"तसं नाही गं. पेट्रोल कमी खातो."

"वेंडेल, हा डांबरी टायर आहे."

"हो, पण थर..."

"थर गेले खड्ड्यात! तू माझ्या पिकअपला पुन्हा डांबरी टायर घालतोस? तू? मला?"

हिल्मर मध्ये पडला. पंच्याऐंशीचा माणूस, ऐकायला कमी येतं, मतं मात्र ढीगभर. "पोरी, तू मड टायर घे. मोठ्या खाचांचा. चिखल फेकतो तो."

"आणि बर्फावर?" वेंडेलला बोलायला काहीतरी मिळालं. "बर्फावर घसरतो तो, हिल्मर. आपल्याकडे चिखल किती दिवस, आणि बर्फ किती दिवस? तिला मड टायर दिला तर ती पहिल्याच हिवाळ्यात खड्ड्यात जाईल."

"साखळ्या लावाव्यात मग. आम्ही साखळ्याच लावत होतो."

"तुम्ही तर घोडेपण लावत होता," आर्लिस म्हणाली. "गप्प बसा जरा. वेंडेल, तो वरचा काढ. ज्याच्यावर बर्फाच्या टायरची खूण, डोंगर आणि हिमकण, छापलाय तो. बाजू किती जाड आहे?"

"नुसत्या बाजूला तीन थर. खडीने चिरणार नाही सहसा."

"मग तो सोडून मला हा पेन्सिलीने रेघा मारलेला का दाखवत होतास?"

 लेबल सोललेला चिकट अंगठा वेंडेल पँटला पुसत राहिला. तसा हा माणूस विक्रीत कच्चा नाही. एखादा नुसती हवा भरायला आला तर त्याला तो वायपर विकून पाठवतो. महागडा टायर मागणाऱ्या गिऱ्हाईकाला स्वस्तातला दाखवतोय म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे आर्लिसला कळायला वेळ लागला नाही.

"बोल."

"अगं, मी म्हटलं, गावात डांबरावर फिरायचं तर हे..."

"कुठल्या गावात?"

हिल्मरने कप खाली ठेवला.

"कुठल्या गावात, वेंडेल?"

"लोरेनचा फोन आला होता," वेंडेल म्हणाला. "मागच्या आठवड्यात. म्हणाला, आईचे टायर संपलेत, ती कधी ना कधी येईल, तेव्हा तिला डांबरीच घाल. शरद ऋतूत ती बिलिंग्जला येतेय. जागा बघून झाली आहे म्हणाला. मला वाटलं तुला माहीत आहे."

आता इथे सांगायला हवं की आर्लिसला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. लोरेन बिलिंग्जला विम्याच्या कंपनीत. दर रविवारी फोन करतो. आई, एकटी आहेस, आई, पाय घसरेल, आई, विचार कर. ती म्हणायची, करते हो विचार, आणि गुरांकडे जायची. ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण जागा बघून झाली? आणि ते तिला कळतंय कुठे, तर टायरच्या दुकानात, हिल्मरच्या समोर? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.  तिने काउंटरवरचा फोन स्वतःकडे ओढला, एवढ्या जोरात की वायरीबरोबर पेनांचा डबा खाली आला.

"अगं, तो कामावर असेल," वेंडेल म्हणाला.

"असू दे. मीपण कामावरच आहे."

तिच्या ऐकण्याचंही आता फारसं खरं नव्हतं, म्हणून तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला. दुकानभर घंटी वाजली. वेंडेलने बाहेर जायला पाय उचलला तर तिने बोट दाखवून त्याला जागीच उभं केलं.

"हॅलो?"

"कुठली जागा बघितलीस रे?"

"आई? कुठून बोलतेयस?"

"वेंडेलच्या दुकानातून. तुझी आई शहरात राहायला चालली आहे म्हणे, तिच्यासाठी टायर घ्यायला आले होते. अभिनंदन करायला हिल्मरपण बसलेत."

"आई, स्पीकर बंद कर."

"का? गावाला आधीच सांगून झालंय ना? फक्त मलाच सांगायचं राहिलं होतं!"

"मी या रविवारी बोलणारच होतो. छान जागा आहे गं. खालच्या मजल्यावर. दवाखाना जवळ आहे."

"आणि गुरं? ती दुसऱ्या मजल्यावर का?"

"गुरं शेजारचा नुडसन घेतोय. कुरणही भाड्याने घेईल. मी त्याच्याशी..."

"नुडसनशी बोललास! वेंडेलशी बोललास! अजून कोण राहिलंय? पाद्रीबाबांना विचारलंस का, मला पुरायचं कधी ते?"

"आई, हेच. म्हणूनच नाही बोललो. तू ऐकतच नाहीस, लगेच अंगावर येतेस!"

"येणारच अंगावर! माझं घर आहे ते. तू कोण रे मला पोत्यासारखं उचलून ठेवणारा? चार चांगले टायर घातले की मी कुठेही जाऊ शकते. तुझा बाप गेला तो घर लांब होतं म्हणून नाही, टायर भिकार होते म्हणून गेला. मी त्याला दुपारी पिकअपमध्ये घातला होता, लोरेन. पहिल्या फाटकापर्यंतच पोचलो. चारही चाकं बर्फाच्या गोळ्यासारखी गोल झाली, एक खाच दिसत नव्हती. ट्रॅक्टर शेडमध्ये दुरुस्तीला उघडून पडलेला. त्याला धरून चालवत परत आणला मी. टायर नीट असते तर तो आज माझ्या डोक्याशी बसून पेपर वाचत असता!"

हे तिने वर्षभरात कुणासमोर काढलं नव्हतं. वेंडेलच्या तोंडावर तर नाहीच. तो काउंटरची कड धरून उभा होता.

"विचार वेंडेलला," लोरेन म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "आहे ना तिथे? विचार. त्या दिवशी कुठला टायर बाबांना बाहेर काढणार होता?"

"विचारतेच! वेंडेल, सांग याला."

वेंडेलने भिंतीवरच्या टायरांकडे पाहिलं.

खरं तर सोपं होतं. भिंतीवरच्या महागातल्या टायरकडे बोट करायचं. तो असता तर निघाली असतीस, माझं चुकलं, मी आयनारला स्वस्तातले द्यायला नको होते. एवढं म्हटलं की आर्लिसला तिचं घर, वेंडेलला शिव्या, पाठोपाठ रोल, सगळं जागच्या जागी. तिला हेच हवं होतं. ती त्याच्याकडे बघत होती ती हुकूम सोडल्यासारखी.

"कुठलाच नाही, आर्लिस," वेंडेल म्हणाला.

"काय?"

"दोन दिवस पाऊस पडलेला, खालून बर्फ वितळलेला. त्या दिवशी तुझ्या रस्त्यावर कुठलाच टायर चालला नसता. हा वरचापण नाही. मड टायर असता तर दुसऱ्या फाटकापर्यंत गेली असतीस. कदाचित. मी स्वतः किती वेळा विचार केलाय याचा. माझ्यावर टाकून तुला बरं वाटत असेल म्हणून मी वर्षभर काही बोललो नाही. पण हे टायर विकताना मी तुला खोटं सांगणार नाही. पुढच्या मार्चमध्ये तू यांच्या भरवशावर निघशील."



"बघ," लोरेन म्हणाला. "मग तिथे राहून..."

"तू बोलू नकोस!" आर्लिस कडाडली. वेंडेलवरचा राग जागा सोडून निघाला होता आणि त्याला कुठेतरी बसायचंच होतं. "तू तर एक शब्द बोलू नकोस. तुला काय माहीत गंबो? बाप मरत होता तेव्हा कुठे होतास? मी दुपारीच सांगितलं होतं, बाबांच्या छातीत दुखतंय. साहेब उगवले कधी, तर सकाळी नऊला. सगळं आटोपल्यावर! मांडीपर्यंत चिखल लावून दारात उभा. मी चादर ओढली होती, लोरेन. एकटीने."



"मी संध्याकाळीच आलो होतो," लोरेन म्हणाला.

"कुठे आला होतास?"

"डांबर संपतं तिथे. तुझा फोन आला तसा निघालो. सात मैलांवर होतो. तिथून आपल्या अंगणातला खांबावरचा दिवा दिसतो. रात्रभर गाडीत बसून तो दिवा बघत होतो."

आर्लिसने मनात हिशेब मांडला.

बिलिंग्जहून डांबर संपेपर्यंत तीन तास. पुढे चिखलातून सात मैल पायी, म्हणजे आणखी तीन तास तरी. आयनार गेल्याचं तिने त्याला पहाटे सहाला कळवलं होतं आणि तो नऊला दारात होता. घरून निघालेला माणूस नऊला पोचणं शक्यच नव्हतं. हिशेब एवढा साधा होता, आणि तिने तो वर्षभरात एकदाही केला नव्हता.

"मग आला का नाहीस?" तिने विचारलं. "पायी का नाही आलास तेव्हाच?"

"बाबांनी नाही म्हणून सांगितलं."

"बाबांनी?"

"मी त्यांच्या फोनवर फोन केला. तू तेव्हा गोठ्यात होतीस. म्हटलं, मी डांबराच्या टोकाला आहे, घालतो गाडी, बघू कुठवर येते ते. तर म्हणाले, खुळा आहेस का. थांब तिथेच. पहाटे गोठलं की ये. म्हणाले..." लोरेन थांबला. "म्हणाले, रस्ता फाडू नकोस."

हिल्मर "अरे देवा" म्हणाला, पण आपल्याच कपात.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. ओल्या गंबोत गाडी घातली की हातभर खोल चाकोऱ्या पडतात, आणि ऊन पडलं की त्या तशाच वाळून दगड होतात. मग अख्खा उन्हाळा त्या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस दात आपटत जातो आणि त्या गाडीवाल्याचा उद्धार करत जातो. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरात बूट घालून जाल तर चालेल, ओल्या रस्त्यावर गाडी घालणं चालत नाही. पाऊस पडला की घरात बसायचं, मार्चमध्ये पहाटेच्या थंडीने चिखल गोठला की त्याच्यावरून निघायचं. आजारी, बाळंतीण, सगळे तसेच निघतात. आणि आयनार तर त्या सात मैलांवर जीव टाकायचा. दर वसंतात आपलं डिझेल जाळून तो रस्ता सपाट करायचा, सरकारी यंत्राची वाट न बघता. छातीत कळ येत असताना त्याने ॲम्ब्युलन्स बोलावू दिली नव्हती. उगाच गावातली पोरं अडकतील, पोट बिघडलंय नुसतं, पहाटे गोठलं की आपणच जाऊ, असं म्हणाला होता. हेलिकॉप्टर बोलवावं तर ढग छपराला टेकलेले. आर्लिसनेही मग तेच केलं जे तिने जन्मभर केलं होतं. ती गोठायची वाट बघत बसली.

त्या रात्री गोठलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?" आर्लिस म्हणाली. "एक वर्ष झालं. मी तुला वर्षभर..."

"तेव्हा सांगू नकोस म्हणाले होते. म्हणाले, तिला कळलं तू तिथे आहेस तर ती अंधारात पायी निघेल तुला आणायला. आणि नंतर काय सांगू? बाबा मरत होते आणि मी रस्ता खराब होईल म्हणून गाडीत बसलो होतो, हे सांगू? पन्नाशीला आलोय मी, आई. त्यांनी थांब म्हटलं आणि मी थांबलो, दहा वर्षांच्या पोरासारखा. मी पुन्हा नाही बसणार तिथे. तू आत आणि मी बाहेर तो दिवा बघत. मला नाही जमणार. म्हणून जागा बघितली. झालं?"

तो रडत होता. तिकडे विम्याच्या ऑफिसात, माणसांत. आर्लिसने फोन हातात घट्ट धरला होता. तिचं तोंड उघडं होतं आणि निदान एकदा तरी त्यातून काही येत नव्हतं.

मग आलं.

"रस्ता!" ती ओरडली. वेंडेल दचकला. "रस्ता फाडू नकोस! आयनार, गाढवा! मरायला टेकलास आणि तुला रस्त्याची पडली होती? पोराला दारात बसवून ठेवलंस! माझ्या पोराला! रात्रभर!" ती आढ्याकडे बघून ओरडत होती, जणू तो तिथल्या जुन्या टायरांच्या ढिगावर बसला होता. "पन्नास वर्षं माझं एक ऐकलं नाहीस, आणि जाता जाता यालापण तेच शिकवून गेलास! आणि मी इथे वेंडेलचं तोंड बघत नव्हते!" तिने काउंटरवर मूठ मारली, एकदा, दोनदा. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचं तिला सुचत नव्हतं. हिल्मरने खिशातून रुमाल काढला, तो बघितला, आणि परत खिशात ठेवला.

"आई," लोरेन म्हणाला. "आई, बस कर."

"करते." तिने बाहीने नाक पुसलं. "ऐक आता. मी बिलिंग्जला येत नाही. नुडसनला सांग, गुरं दुसरीकडून कुठून तरी घे म्हणावं. मी माझ्या घरात राहणार, आणि ज्या दिवशी बाहेर पडता येत नाही त्या दिवशी पडता येत नाही. ते मला तेव्हाही माहीत होतं, आत्ताही माहीत आहे."

"आई, अगं पण..."

"माझं झालेलं नाही. मी बोलावलं की तू यायचंस. ओलं असो, कोरडं असो. गोठायची वाट बघायची नाही. डांबर संपलं म्हणून थांबायचं नाही. गाडी घालायची. अडकली, तर उतरून चालायचं."

"आणि रस्ता?"

"फाड!" आर्लिस म्हणाली. "फाडून काढ! असा फाड की पुढच्या उन्हाळ्यात अख्ख्या तालुक्याने येऊन मला शिव्या घातल्या पाहिजेत. तुझ्या बापाचा रस्ता आहे तो. माझ्या पोरापेक्षा मोठा नाही."

 पलीकडे कुणाचा तरी दुसरा फोन वाजत होता, तो कुणी उचलत नव्हतं.

"वेंडेल," आर्लिस त्याच्याकडे वळली. डोळे लाल, आवाज घोगरा. "ते वरचे. डोंगरवाले. दोन सेट काढ."

"दोन?"

"चार मला आणि चार याला. त्या शहरी पिकअपला काय चपट्या चपात्या लावून फिरतो, मी बघितलंय. लोरेन, तुझ्या टायरचं माप काय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही! पन्नास वर्षांचा माणूस, स्वतःच्या टायरचं माप माहीत नाही. टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं. जा, बाहेर जाऊन बघ."

"आई, मी ऑफिसात आहे."

"जा म्हणते ना."

वेंडेलने जमिनीवर पडलेलं एक पेन उचललं आणि लेबलाच्या मागच्या बाजूवर टेकवून धरलं. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दार. मग बराच वेळ पावलं, मग वारा, आणि शेजारून गेलेला एखादा ट्रक. तिघंही फोनकडे बघत उभे होते. हिल्मरला धड ऐकू येत नव्हतं, पण तोही उठून काउंटरला टेकला होता.

"दोनशे पासष्ट," लोरेन म्हणाला. तो खाली वाकला असावा, आवाज दबका येत होता. "पुढे तिरकी रेघ आहे. सत्तर. मग आर." तो थांबला. नाक ओढलेलं ऐकू आलं. "पुढचं धूळ बसलीय, दिसत नाही."

"हाताने पूस," आर्लिस म्हणाली.